रिकाम्या गाडीचं वजन

जालन्यात, एमआयडीसीच्या तिसऱ्या टप्प्यात
रात्रपाळीला मी वजनकाटा सांभाळतो.
भंगाराचा ट्रक चढतो, लाल आकडे थरथरतात,
थांबले की पावती फाडायची.
एवढंच काम. म्हणून वाद घालायला वेळ भरपूर.

मुजम्मिल दोनला भट्टीवरून सुटतो,
भुवया अर्ध्या जळालेल्या,
खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये नरक.
"हे ऐक," म्हणतो, "ह्याच्याहून जड जगात काही नाही."

तो डेथवाला.
गिटारच्या तारा इतक्या ढिल्या
की वरती कपडे वाळत घालावेत,
आणि गाणारा जणू बोअरमधून बोलायलाय,
सातशे फुटांवरून, जिथंही पाणी लागलं नाही.

मी म्हणतो, जड आहे, पण घाईत आहे.
भरल्या गाडीला कधी घाई करताना पाहिलंस?
माझं मत डूमला.
एक ठोका.
मग तुम्ही चहा सांगा,
चहा येऊ द्या,
बोटानं साय बाजूला करा.
मग दुसरा.

थ्रॅशला आता दोघंही जड म्हणत नाही.
नववीत म्हणायचो.
कानात तेच घालून मोतीबागेपर्यंत
सायकल उभ्यानं मारायचो.
सुरीला धार असते, वजन नसतं,
हे कळायला मिसरूड फुटावं लागतं.

ब्लॅकवर मात्र भांडण मिटत नाही.
"पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या," मुजम्मिल म्हणतो,
"त्यात बर्फ, त्यात जंगल,
इथं मे महिन्यात काट्याचा कठडा
रात्री दहालाही चटका देतो."
मी म्हणतो, थंडी पण जड असते.
"कुठं? फ्रीजमध्ये?"

शेवटी एका रात्री, मालक इंदूरला गेलेला बघून,
स्पीकरच नेऊन ठेवला काट्यावर, मधोमध.
डेथ लावलं. शून्य.
डूम लावलं. शून्य.
माझा काटा वीस किलोच्या खालचं धरतच नाही.
त्याच्या लेखी नऊ किलोचा स्पीकर,
आत कोंडलेला सैतान,
आणि ऊब बघून वर येऊन बसलेली मांजर
हे सगळं मिळून शून्य.

तेवढ्यात लुनावर त्याचे अब्बा आले, त्याला न्यायला.
एकतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये.
लाल सळई रोलमधून सुटताना जी किंकाळते
तिनं दोन्ही कान खाल्लेले.
हॉर्न ऐकू येत नाही,
पण त्या रस्त्याला रात्री दोनला हॉर्न देणार कोण.

आम्ही हातवारे करून भांडण सांगितलं.
त्यांनी मांजर सरकवली, स्पीकरवर तळवा ठेवला.

डेथ.
"खाली गाडी है," म्हणाले. "खालीच गाडी ज्यादा बजती."
मुजम्मिलचं तोंड बघण्यासारखं झालं.
डूम.
डोळे मिटले. अंगठा तेवढा हलत होता.
"हां. इसमें माल है."

मी जिंकलो. चहा त्याच्याकडून.
पण म्हातारा हात उचलेना.
गाणं संपलं, मोबाईलचा पडदा विझला,
तरी तळवा तिथंच.
मुजम्मिलनं खूण केली, अब्बा, झालं.
त्यांनी मान हलवली.
"रुक. अभी चल रहा."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. काहीच वाजत नव्हतं.
मग मी चप्पल काढली.
काट्याच्या लोखंडातून तळपायात ते आलं:
दोन प्लॉट सोडून पलीकडं चाललेली मिल.
कालही चालू होती. परवाही.
मी कामाला लागलो त्या दिवशी
तिच्या आवाजानं डोकं धरून बसलो होतो म्हणे,
आई अजून सांगते,
मला आठवतही नाही.

अंबडच्या बाजूनं दिवे दिसले. गाडी आली.
मी स्पीकर उचलला, मुजम्मिलनं मांजर.
ट्रक चढला,
आकडे थरथरत राहिले
रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ,
की मीच रोज बघत नव्हतो.
ड्रायव्हर ओरडला, "पावती दे की, झोपलास का?"